आगीकडे पाठ

तांदील, २१ एप्रिल १९८६

लिसांद्रो,

अनीबालच्या दफनाला तू आलास आणि दुसऱ्याच दिवशी परत गेलास, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. भावासाठी रजा किती मिळते ते मला माहीत नाही, आणि कोमोदोरो लांब आहे. हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे.

तुझे वडील जेवत नाहीत.

सूप घेतात, तेही चार चमचे. पाव कॉफीत बुडवून खातात. बटाटा कुस्करून दिला तर ताट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मी अजून पोपट झालो नाही, बाई." गाल आत गेल्यामुळे कवळी सैल झाली आहे. कवळी सैल म्हणून चावत नाहीत, आणि चावत नाहीत म्हणून गाल आणखी आत जातात. डॉक्टर म्हणतो, वजन उतरायचं थांबल्याशिवाय नवी कवळी करण्यात अर्थ नाही.

ब्लांकाने ब्वेनोस आइरेसमधल्या एका वृद्धाश्रमात खाट बोलून ठेवली आहे. जुलैच्या सुरुवातीला ती गाडी घेऊन येणार. तोवर वडिलांनी अंग धरलेलं दिसलं तर ठीक, नाही तर घेऊन जाणार. तुझ्या बहिणीचं म्हणणं असं की नवरा गेल्यावर सासऱ्याला सांभाळायला मी बांधील नाही. ते खरं आहे. पण या घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही, हेही खरं आहे.

अनीबाल होता तेव्हा रविवारी ते पोटभर जेवायचे. मागच्या अंगणातल्या जाळीवर भाजलेला पाठीचा जाड स्टेक, आणि तीच कवळी, तेव्हाही थोडी सैलच. इतकं मऊ असायचं ते. मी कधी आगीजवळ गेले नाही. माझ्याकडे सॅलड आणि पाव. आता जाळीवर गंज चढतो आहे.

तू त्याच बापाचा मुलगा आहेस. मांस इतकं मऊ कसं भाजायचं ते मला लिहून पाठव.

नेलिदा


कोमोदोरो, २ मे

नेलिदा,

आग हे बाईमाणसाचं काम नाही. तरी विचारलंस म्हणून सांगतो.

सगळा खेळ ज्वाळांचा आहे. कोळशावर लाकूड घाल, जाळ जाळीच्या वर यायला हवा. मांसाला सगळीकडून चटका बसला की आतला रस आतच राहतो. मीठ आदल्या संध्याकाळीच चोळून ठेव. भाजताना मधूनमधून काट्याने टोचून बघ. रक्त आलं तर अजून ठेवायचं. सारखं उलटत राहा, म्हणजे चिकटणार नाही.

आणि खाटकाकडे जाशील तेव्हा म्हाताऱ्यासाठी, डॉन फेर्मिनसाठी हवंय म्हणून सांग. त्याचं नाव घेतलं की तो आतला तुकडा काढून देतो. निदान पूर्वी द्यायचा.

हे मी लिहून पाठवलं असं म्हाताऱ्याला सांगू नकोस.

लिसांद्रो


तांदील, १२ मे

लिसांद्रो,

तू लिहिलंस तसंच केलं. जाळ अंगणाच्या भिंतीच्या वर गेला. पलीकडून वास्केसने डोकं काढलं. "नेलिदा, बंबवाल्यांना बोलावू, की जेवायला येऊ?"

मी काही बोलायच्या आत तुझे वडील ओरडले, "तुझी चूल भिंतीच्या त्या बाजूला आहे ना? मग तिकडे बघ."

चाळीस वर्षांचा शेजार आहे. वास्केस चेहरा पाडून खाली उतरला. इतके चिडखोर ते पूर्वी नव्हते.

मी जाळीवर मांस टाकलं तेव्हा ते टेबलाशी बसले होते. वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, उठले, खुर्ची फरफटत लिंबाच्या झाडाखाली नेली आणि आगीकडे पाठ करून बसले. मे महिन्याच्या थंडीत. मी दोनदा हाक मारली, वळून बघितलं नाही. माझ्या हातात त्यांच्या मुलाचा चिमटा त्यांना बघवत नसावा. मला ते समजतं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही बघवलं नसतं.

त्यांचे हात आता फार थरथरतात म्हणून मी मांस स्वयंपाकघरातच कापून घेतलं. छान लांब लांब पट्ट्या केल्या. त्यांनी एक घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला, मग रुमालात काढला आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मी विचारलं, "कसं झालंय?"

"मीठ लागलंय," ते म्हणाले.

मी स्वतः खाऊन बघितलं. ती चप्पल होती.

आणखी काही करता येत असेल तर लिही. मी दर रविवारी करून बघेन. जुलैपर्यंत बरेच रविवार आहेत.

नेलिदा


कोमोदोरो, २१ मे

नेलिदा,

मग मांस म्हाताऱ्या गाईचं असणार. अशा मांसाला आधी मऊ करावं लागतं. लाकडी हातोडीने दोन्ही बाजूंनी ठोकून काढ. मग व्हिनेगर, लसूण आणि तेलात रात्रभर बुडवून ठेव. मीठ आधी अजिबात नको, मीठ शेवटी. आणि जाळीवर पत्र्याचं झाकण घाल, म्हणजे वाफेवर शिजेल.

एक विचारायचं होतं. खुर्ची लिंबाखाली त्याने स्वतः नेली का? की ऊन लागतं म्हणून तू नेऊन दिलीस?

लिसांद्रो


तांदील, २ जून

लिसांद्रो,

खुर्ची त्यांनी स्वतः नेली. आता दर रविवारी नेतात. फरशीवर चार पायांचे ओरखडे उठले आहेत. मी म्हटलं, "डॉन फेर्मिन, थंडी आहे, आत बसा," तर म्हणाले, "मी बरा आहे." हे तू का विचारतोस ते मला कळलं नाही.

तुझ्या व्हिनेगरचं सांगते. घरभर लोणच्याचा वास सुटला. मांस वरून लगदा आणि आत लाकूड. ठोकण्याचा आवाज ऐकून वास्केसची बायको दारापर्यंत आली. तिला वाटलं, मी खिडकीला फळ्या मारून घर बंद करते आहे. म्हाताऱ्यांनी ताटाकडे बघितलं, एक तुकडा गिळला आणि "आज काहीतरी वेगळं आहे" म्हणून पाव मागितला. पट्ट्या मी या वेळी आणखी बारीक आणि लांब केल्या होत्या. तरी गिळवेनात.

पुढच्या रविवारी मी आग पेटवणारच नव्हते. अंगावर शाल घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिले. अकरा वाजून गेल्यावर ते आत आले. हातात चिमटा होता, खिळ्यावरून काढून आणलेला. पुसलेला. तो त्यांनी टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर जाऊन खुर्ची ओढायला लागले.

लिसांद्रो, मी या घरात बावीस वर्षं आहे. मला टोमणा कळतो. "कर, आणखी एकदा जाळ," असंच ते होतं. मी उठले आणि आणखी एकदा जाळलं.

डॉक्टर येऊन गेला. वजन अजून उतरतंच आहे. शर्टाची कॉलर आता मानेला कुठेच टेकत नाही.

नेलिदा


कोमोदोरो, १० जून

नेलिदा,

ब्लांका म्हणते ते बरोबर असेल. तिथे खिमा करून देतात, वेळेवर देतात. तू पुष्कळ केलंस. कुणी तुला नाव ठेवणार नाही.

आमच्या इथला चिलीचा स्वयंपाकी मांस दुधात भिजवतो. वाटलं तर करून बघ. नाही तर सोडून दे.

या आठवड्यात फार वारा आहे. काम बंद आहे.

लिसांद्रो


तांदील, १७ जून

लिसांद्रो,

तुझी तिन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यांत तीन वेगळी माणसं बोलतात. एक म्हणतो मीठ आदल्या दिवशी, दुसरा म्हणतो मीठ शेवटी. एकाला जाळ हवा, एकाला वाफ. तिसरा तर चिलीचा स्वयंपाकी आहे, तू स्वतःच लिहिलंस. यांच्यात इतुर्राल्दे घराण्यातला कोण आहे? आगीवरचं तुला येतं की येत नाही, एवढं एका ओळीत लिही. येत नसेल तर मी वास्केसला भिंतीवरून आत घेते आणि चिमटा त्याच्या हातात देते. त्याला येतं.

तुझ्या शेवटच्या पत्राचा मला राग आला. आधीच्या पत्रांत तू मला निदान चुकीचं काहीतरी सांगत होतास. या वेळी तू दार लावून घेतलंस. त्याआधी खुर्चीचं विचारलंस. मी उत्तर दिलं, आणि त्यानंतर हे पत्र आलं. माझ्या उत्तरात तुला काय बोचलं?

ब्लांका पाच जुलैला, शनिवारी येते आहे. त्यांचे कपडे भरायला सूटकेस घेऊन येणार आहे.

नेलिदा


कोमोदोरो, २३ जून

नेलिदा,

येत नाही.

हे पत्र उत्तरेकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळेल.

आमच्या घरात एक रीत आहे. ती कुणी तोंडाने सांगितली नाही, म्हणून तुला ती माहीत नसणार. ज्याच्या हातात चिमटा, आग त्याची. त्याच्या आगीबद्दल बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, मांस कसं झालं ते सांगायचं नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ करून बसायचं. म्हातारा ज्याला भाजणारा मानतो, त्याच्याकडे पाठ करतो. याहून मोठा मान त्याच्याकडे नाही. अनीबालकडे त्याने आयुष्यभर पाठ केली. तू सॅलड करत असायचीस, तुला ते दिसलं नसेल.

मी वीस वर्षांचा झालो त्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने चिमटा मला दिला आणि लिंबाखाली जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याला वास आला. तो उठला, माझ्याजवळ आला, माझ्या हातातून चिमटा घेतला आणि ताटल्या मांडणाऱ्या अनीबालच्या हातात दिला. मग परत जाऊन पाठ करून बसला. त्या दिवशी जेवण चांगलं झालं. पुढच्या हिवाळ्यात मी दक्षिणेला आलो.

तुझ्या आगीचा जाळ भिंतीवर गेला आणि तरी तो उठला नाही. वास्केसलाही त्याने तिकडे बघू दिलं नाही. तू आग पेटवणार नव्हतीस तेव्हा चिमटा पुसून तुझ्यापुढे ठेवला. हा टोमणा नाही, नेलिदा. मला हे तुझ्या पहिल्याच हकिगतीवरून कळायला हवं होतं, आणि कळलं होतं. खात्री करायला म्हणून खुर्चीचं विचारलं. तुझं उत्तर आलं आणि मी ते दहा जूनचं पत्र लिहिलं.

म्हणून तो तुला कधीच काही सांगणार नाही. उपाशी मरेल, पण तुझ्या आगीत तोंड घालणार नाही.

आता मला खरोखर ठाऊक असलेली एकच गोष्ट सांगतो. चिमटा गेल्यावर माझी जागा टेबलाशी होती, त्याच्या उजव्या हाताला. आग मला नीट दिसायची नाही. त्याचा चाकू दिसायचा. मांस कापणं हे त्याचं काम आहे, भाजणाऱ्याचं नाही, आणि तू ते स्वयंपाकघरात उरकतेस. मांसात धागे असतात, लाकडात असतात तसे. तो मांसाची लाकडी पाटी फिरवायचा, धागे कुठे जातात ते बघायचा आणि त्यांना आडवा चाकू घालायचा. पातळ काप. तू लांब पट्ट्या करतेस म्हणजे धाग्याच्या बाजूने कापतेस. त्याच्या तोंडात दोरखंड जातो.

अख्खा स्टेक पाटीवर ठेव. त्याचा चाकू आणि धार लावायचा दगड शेजारी ठेव. मग हात मागे घे आणि बस. हात थरथरू देत.

आगीचं मला एवढंच माहीत आहे की अनीबाल जाळ विझून निखारे पांढरे होईपर्यंत थांबायचा, मांस टोचायचा नाही आणि एकदाच उलटायचा. तेवढं टेबलावरूनही दिसायचं.

लिसांद्रो


तांदील, ७ जुलै

लिसांद्रो,

तुझं पत्र २८ जूनच्या शनिवारी मिळालं. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोत फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणातून धूर निघत होता आणि प्रत्येक खिडकीत टीव्ही चालू होता. आमच्याकडे टीव्ही बंद. ते खुर्ची घेऊन लिंबाखाली गेले. मी पहिल्यांदा त्यांच्या पाठीकडे नीट बघितलं. ती ताठ होती. एवढी माणसं त्या रस्त्याने ओरडत जात होती, पण ते एकदाही हलले नाहीत.

मी निखारे पांढरे होईपर्यंत थांबले. टोचलं नाही. एकदा उलटलं. नंतर अख्खा तुकडा पाटीवर ठेवून त्यांच्यापुढे आणला आणि शेजारी चाकू आणि दगड ठेवला.

त्यांनी आधी चाकूकडे बघितलं, मग माझ्याकडे. दगडावर थुंकले आणि चाकू घासायला लागले. किती वेळ घासत होते, लिसांद्रो. मांस निवत चाललं होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले, नाही तर पाटी उचलून परत जाळीवर नेली असती. धार अंगठ्यावर बघितली, पुन्हा घासली. मग पाटी फिरवली, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि चाकू घातला. चाकू मांसाला लागेपर्यंत हात थरथरत होता. लागल्यावर नाही.

आत सगळं गुलाबी होतं आणि रस पाटीभर सांडला नाही. मला वाटतं, ते निवणंही हवंच होतं. चाकूला धार लावायला वेळ लागतो, तेवढा वेळ मांस थांबायचं. इतकी वर्षं ते आमच्यासमोर होत होतं.

त्यांनी चार काप खाल्ले. पाचवा तोंडात असताना सगळी गल्ली एकदम ओरडली. वास्केस भिंतीवर चढला. "गोल! डॉन फेर्मिन, गोल झाला!"

"जेवतोय, वास्केस," ते म्हणाले.

मग मला विचारलं, "चाकू ठेवायला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मुलाने."

"कुठल्या?"

"जो आहे त्याने."

त्यांनी तो घास संपवला. "त्याला चाकू आठवतो?"

"उजव्या हाताला बसायचा म्हणतो."

"बसायचा," ते म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी उठायचा. पाटीवरचा रस पावाने पुसून खायचा." मग आणखी एक काप घेतला.

त्या आठवड्यात मी खाटकाकडे दोनदा गेले. वजन लगेच वाढत नाही, पण डॉक्टर म्हणाला की उतरायचं थांबलं आहे.

ब्लांका परवा, शनिवारी आली. रविवारी टेबलाशी बसल्याबरोबर म्हणाली, "बाबा, हात बघा कसा थरथरतोय. आणा, मी कापते."

"बस," ते म्हणाले.

ती बसली. त्यांनी पहिला काप तिच्या ताटात घातला. तिने खाल्ला आणि दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं. आज सकाळी ती परत गेली. सूटकेस भरून लिंबं घेऊन गेली. खाट दुसऱ्या कुणाला देतील म्हणाली.

एक निरोप आहे. त्यांच्याच शब्दांत लिहिते. "तो कधी आला तर चिमटा त्याच्या हातात दे. मी लिंबाखाली बसेन." मी म्हटलं, "त्याला येत नाही, त्याने स्वतःच लिहिलंय." ते म्हणाले, "मी विचारलं का?"

नेलिदा


कोमोदोरो, १५ जुलै

नेलिदा,

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येतो. रजा मंजूर झाली आहे.

चिमटा तुझ्याच हातात राहू दे. मला आता तो नको, आणि हे मी रागाने लिहीत नाही. त्याला तसं सांगू नकोस. मी आल्यावर तो मला देईल तेव्हा मीच तुझ्याकडे देईन. त्याच्या समोर.

पाव जास्त आण.

तुझ्या आगीकडे मी बघणार नाही. लिंबाखाली आणखी एक खुर्ची मावेल ना, तेवढं कळव.

लिसांद्रो